उपेंद्रअण्णांचा खंदक

रंगून पडलं ते तिकडं ब्रह्मदेशात, पण हादरा बसला तो इकडं बेळगावात, खासबागेत, उपेंद्रअण्णा हुक्केरीकरांच्या घरात. म्हणजे कसं बघा, रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला, तांदूळ बंद झाला म्हणून लोक ज्वारीवर आले, लोक ज्वारीवर आले म्हणून ज्वारीही दिसेना झाली, आणि रोज "या अण्णा, बसा अण्णा" म्हणणारा दुकानदार अण्णांना लांबनं बघून तराजू पुसत बसायला लागला. बाकीच्यांची भीती ऐकीव होती. अण्णांची तशी न्हवती. अण्णा होते कचेरीत, पुरवठा खात्यात कारकून, आणि 'गरजेपेक्षा जास्त धान्य घरात साठवणाऱ्यावर कडक इलाज केला जाईल' अशी जी नोटीस गावभर चिकटवलेली होती ना, ती त्यांच्या अक्षरातली. अक्षर लई सुरेख. तीच नोटीस परत परत लिहिताना एक दिवस अण्णांच्या मनात आलं, की सरकार ज्या अर्थी एवढं कळवळून सांगतंय साठवू नका, त्या अर्थी साठवायची वेळ आलेली हाय.

हसू नका. घरात त्यांची धाकटी लतिका नुकती विषमज्वरातनं उठलेली, आणि उठली ती भूक घेऊनच उठली. जेवण झालं, हात धुतले, की परत ताटाकडं बघायची. मागायची न्हाय, नुसती बघायची. डॉक्टर म्हणालेले, आता हिला औषध नको, आता हिला खायला घाला, आणि खाण्यात खंड पडू देऊ नका. डॉक्टरांना सांगायला काय जातंय. अण्णा त्या दिवसापासनं जेवताना "पोट जड झालंय" म्हणून स्वतःची अर्धी भाकरी बाजूला सारायला लागले.

तर साठवायचं ठरलं. कुठं, ह्यावर मात्र नवरा-बायकोचं काही जमेना.

कल्याणीवैनी गुंजीच्या. खानापूरच्या पुढं, जंगलात, पाऊस असा की चार महिने भिंतीला हात लावला तर हात ओला. तिकडची माणसं धान्य ठेवतात ते वर. बांबूची कणगी विणायची, शेणानं लिंपायची, माळ्यावर चुलीच्या धुरात ठेवायची. अण्णांचं मूळ अथणीकडचं. तिकडं पावसाचा थेंब पडला तर लोक दारात येऊन बघतात. तिकडं धान्य जातं खाली, पेवात. जमिनीत खड्डा खणायचा, तोंड बारीक, पोट मोठं, घागरीसारखं. आतनं कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर दगड ठेवायचा आणि चिखलानं लिंपून विसरून जायचं.

"अहो, इथली जमीन पाणी धरते," कल्याणीवैनी म्हणाल्या. "परसातल्या आडात पावसाळ्यात वाकून तांब्या बुडतो. इथं कसलं पेव? माळ्यावर कणगी ठेवूया की."

"वर ठेवलेलं दिसतं," अण्णा म्हणाले. "खाली ठेवलेलं दिसत नाही. आणि आमच्या आजोबांचं पेव..."

"आजोबांचं पेव अथणीत होतं."

"पेव ते पेव."

संपलं. नवऱ्यानं आजोबा काढले की बायको गप बसते. पटतं म्हणून न्हाय, आजोबांशी कोण भांडत बसणार म्हणून.

खणायला कडोलीचा भावकू आला. हा भावकू विहिरी खणणारा. त्याला कोठीची खोली दाखवून "इथं" म्हटल्यावर त्यानं एकदा खाली जमिनीकडं बघितलं, एकदा वर कौलांकडं.

"अण्णा, कोठीत कुठं हिर असतीया व्हय?"

"विहीर नव्हे रे. कोरडा खड्डा."

"कोरडा?" भावकूचं तोंड पडलं. जेवायला बसवलेल्या माणसाला 'चावा, पण गिळू नका' म्हणावं तसं त्याचं झालं. रोज सकाळी खाली उतरायचा, मूठभर माती वर आणून हुंगायचा. "वल लागालीया बघा अण्णा. अजून दोन हात जाऊ दे, पाणी देतो तुमास्नी."

"नको रे बाबा."

"फुकट देतो."

अण्णा हात जोडायचे आणि कचेरीत जायचे.

आता खड्डा घरात लपतो, पण खड्ड्यातली माती कुठं लपवणार? तांबड्या मातीचा ढीग दारात एवढा झाला की पोस्टमन पत्रं ढिगावरनं फेकायला लागला. आणि समोरच्या मनुबाई आल्या. मनुबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात वडील, सुनांवर राज्य करून उरलेला वेळ गल्लीला देणाऱ्या. ढिगात काठी खुपसून त्यांनी विचारलं, "काय खणालास रं उपेंदर?"

अण्णांना खोटं बोलायची सवय न्हवती, हीच अडचण. सवय असलेला माणूस म्हणाला असता घुशी झाल्यात, पाया खचलाय, काहीतरी. अण्णांनी त्या दिवशी कचेरीत हवाई हल्ल्याची नोटीस लिहून काढली होती, तेव्हा जिभेवर जे होतं तेच बाहेर आलं.

"खंदक," अण्णा म्हणाले. "बॉम्ब पडला तर बसायला."

मनुबाईंनी कपाळावर हात धरून वर आभाळाकडं बघितलं. घारीशिवाय काही न्हवतं. "कवा पडणार हाय?"

"नक्की नाही अजून."

"मग घरच्यापुरताच खणालास, का आमीबी यायचं?"

आणि बघा, माणूस सज्जन असला की असा मरतो. 'घरच्यापुरता' एवढा एक शब्द म्हणायचा होता. न्हाय आला. "या की," अण्णा म्हणाले. "तुम्ही काय परक्या आहात?"

दिवेलागणीच्या आत गल्लीभर झालं. आणि मग आले श्रीपादराव. हे पेन्शनीत निघालेले ड्रॉइंग मास्तर, आता गल्लीचे हवाई हल्ला वॉर्डन. सरकारनं त्यांना एक शिट्टी दिलती, दंडाला पट्टा दिलता आणि एक पत्र्याची टोपी दिलती, आणि हे सगळं वापरायला जपान्यांनी त्यांना एकदाही संधी दिली न्हवती. खड्ड्याच्या कडेला उभं राहून श्रीपादरावांनी टोपी काढली. आपण देवळात काढतो तशी.

"उपेंद्रराव, स्वखर्चानं? राहत्या घरात?"

"छे छे, विशेष काही नाही."

"मी हे वर कळवणार."

"नका हो कळवू."

"हा तुमचा विनय झाला," श्रीपादराव म्हणाले, आणि शिट्टी चाचपत गेले.

वर कळलं. वरनं नगरपालिकेचा एक माणूस टेप घेऊन आला. त्यानं तोंड मोजलं, परत मोजलं, मग अण्णांचं पोट बघितलं.

"एवढ्यातनं माणूस जाणार कसा?"

"उभा," अण्णा म्हणाले.

"आणि दुसरं दार? नियमानं आसऱ्याला दोन दारं लागतात."

"काम चालू आहे."

हे तीन शब्द अण्णांनी सगळी नोकरी दुसऱ्यांना ऐकवलेले. स्वतःच्या घरासाठी पहिल्यांदाच वापरले. समोरचाही त्याच धंद्यातला, त्याला लगेच पटलं. आठवड्यात रंगारी आला आणि अण्णांच्या दर्शनी भिंतीवर काळ्या रंगात 'सार्वजनिक आसरा' असं लिहून खाली बाण काढून गेला. बाण सरळ कोठीच्या खोलीकडं. अण्णा बाणाकडं लई वेळ बघत उभे राहिले. 'सार्वजनिक'मधली वेलांटी त्याला नीट जमली न्हवती, त्याचंही त्यांना वाईट वाटलं.

पण एक गोष्ट मात्र झकास झाली. अथणीहून चुलतभावानं ज्वारीची पोती गाडीत घालून पाठवलेली, ती भरदिवसा आत कशी घ्यायची ह्या काळजीत अण्णा होते, आणि श्रीपादरावच म्हणाले, "उपेंद्रराव, आसऱ्याला वाळूची पोती लागतात, ती मागवलीत का?" अण्णांनी त्यांच्याकडं पहिल्यांदाच प्रेमानं बघितलं. मग काय, गाडी वाजतगाजत दारात आली. गल्लीतले गडी धावून आले, पोती उतरवायला हात लागले. भावकूनं एक पोतं खांद्यावर घेतलं आणि जरा थांबला.

"वाळू लई हलकी हाय की वो."

"अथणीकडची," अण्णा म्हणाले. "कोरडी असते."

मनुबाई पदर पसरून आल्या, भांडी घासायला ओंजळभर वाळू पाहिजे म्हणून. कल्याणीवैनींनी परसातली वाळू चाळून त्यांना दिली आणि आत येऊन नवऱ्याकडं असं बघितलं की अण्णा उगाच चष्मा पुसायला लागले. आणि श्रीपादरावांनी एक पोतं गल्लीच्या तोंडाशी, दिव्याच्या खांबाला टेकवून ठेवलं. "लोकांना कळावं, गल्ली सज्ज आहे." अण्णा न्हाय कसं म्हणणार?

पेव काही पुरं भरलं न्हाय. चुलतभावानं पाठवली तेवढी पोती अण्णांनी रात्री दार लावून ओतली, त्यात एक खांबाला गेलेलं, अर्ध्या खड्ड्यापर्यंत ज्वारी आली आणि वर पोकळी राहिली. अण्णांनी वर दगड ठेवला, चिखलानं लिंपला, आणि त्यावर जातं मांडलं. आता पेवाचा एक नियम हाय. एकदा उघडलं की सगळं काढायचं. थोडं काढलं आणि परत झाकलं असं चालत न्हाय, ओली हवा आत जाते, दाणा नासतो. म्हणजे अगदी नड लागेपर्यंत हात लावायचा न्हाय. आणि म्हणून झालं काय, की खाली ज्वारी, वर जातं, आणि जात्यावर कल्याणीवैनी दळतायत ते सरकारी दुकानातलं, रांगेत उभं राहून आणलेलं, निम्मे खडे असलेलं धान्य.

"पाय ज्वारीवर हायत," त्या एकदा खडे वेचता वेचता म्हणाल्या, "आणि पोरीच्या ताटात हे."

"अजून तेवढी वेळ आली नाही," अण्णा म्हणाले.

"वेळ कशी दिसते हो? येताना भोंगा वाजवते?"

अण्णा टोपी घालून कचेरीला निघाले.

आणि गल्ली तर कामालाच लागलेली. बॉम्ब पडला तर आसऱ्यात किती दिवस बसावं लागेल कुणास ठाऊक, तेव्हा खायला पाहिजे की न्हाय? मनुबाईंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून ठेवली. "माझी जागा तोंडापाशी बरं का. मला वाऱ्याबिगार जमत न्हाय. आन् बरणी माझ्या हाताशी ठेव." मग कुणाचे सांडगे, कुणाची शेंगाचटणी, कुणाचे पापड, कुणाची कुळथाच्या पिठाची पिशवी. आसरा अजून 'चालू' असल्यानं हे सगळं कल्याणीवैनींच्या स्वैपाकघरात. चालायला वाट राहिली न्हाय. साऱ्या खासबागेत असं भरलेलं घर दुसरं न्हवतं, आणि त्यातलं एकही बोटभर आपलं न्हाय. लतिका बरण्यांच्या मधोमध बसून झाकणं मोजायची. एकदा तिनं विचारलं, "अण्णा, बॉम्ब कधी पडणार?" त्या प्रश्नात भीती न्हवती, भूक होती. अण्णा त्या दिवशी जेवलेच न्हाईत.

मिरगात खांबाजवळच्या पोत्याला कोंब फुटले. वाळूच्या पोत्याला. हिरवेगार, बोटाबोटाएवढे, चारी बाजूंनी. तिथनं पुढं रोज पहाटे दूध आणायच्या निमित्तानं अण्णा पोत्याची दाढी करून यायचे. पण ज्वारी ती, आज उपटली की उद्या परत. एका सकाळी बघतात तर श्रीपादराव पोत्यासमोर स्टूल टाकून बसलेले, मांडीवर कागद, हातात शिसपेन.

"वाळूतनं जीव उगवतोय, उपेंद्रराव," श्रीपादराव हळूच म्हणाले. "युद्धाच्या दिवसांत. हे कुठंतरी काढून ठेवलं पाहिजे."

अण्णांनी त्यांच्या खांद्यावरनं वाकून बघितलं. चित्र चांगलं आलं होतं. पानं अगदी ज्वारीचीच होती.

अशानं नाव झालं. एवढं नाव झालं की भाद्रपद सरता सरता कचेरीत एक मसुदा अण्णांच्या टेबलावर आला, सुंदर अक्षरात नक्कल करण्यासाठी. हवाई हल्ल्याची तालीम, भोंगा वाजताच नागरिकांनी आसऱ्यात जावे, साहेब स्वतः हजर राहतील. स्थळ : खासबाग, हुक्केरीकर यांचे घर. अण्णांनी टाक दौतीत बुडवून बाहेर काढला, आणि कागदाला टेकवला तेव्हा निबावरची शाई वाळून गेलती, इतका वेळ ते बघत बसले होते. मग लिहिलं. आपलंच नाव, त्याच वळणदार अक्षरात. न लिहून कुठं जाणार?

सुटायचा प्रयत्न त्यांनी केला न्हाय असं न्हाय. साहेबांना भेटून म्हणाले, आसऱ्यात ओल आलीय. साहेब म्हणाले, मागच्या युद्धात फ्रान्समध्ये सैनिक चिखलात बसले होते. अण्णा म्हणाले, घरात मुलगी आजारातनं उठलीय. साहेब म्हणाले, उत्तम, वृद्ध आणि आजारी यांना आधी कसं उतरवायचं त्याची तालीम होईल. आता एकच आशा उरली, की दगड निघणार न्हाय. त्यांनी त्यावर चिखलाचा आणखी एक हात दिला.

तालमीच्या दिवशी भोंगा वाजला आणि सगळी गल्ली बाणाप्रमाणं आत शिरली. कोठीत, माजघरात, ओटीवर, माणूसच माणूस. साहेब घड्याळ हातात धरून. श्रीपादराव शिट्टी वाजवतायत, वाजवतायत, इतक्या महिन्यांची सगळी एकदम वाजवतायत. जातं सरकवलं. दोन गड्यांनी दगडाला जोर लावला. दगड हलला न्हाय. अण्णांनी मनात देवाचं नाव घेतलं.

"सरा बाजूला," मागनं आवाज आला. भावकू. त्याला कुणी बोलावलं न्हवतं. आपल्या हातचा खड्डा साहेब बघणार म्हटल्यावर तो कडोलीहून पहार घेऊन चालत आलेला. त्यानं पहार घातली, एकदा अंग टाकलं, आणि दगड भाकरीसारखा उलटला.

आत अंधार. आणि एक वास आला. आंबूस, जड, शिळ्या ताडीसारखा. बाकीच्यांनी नाकाला पदर लावला, एवढंच. अण्णांना मात्र हा वास ठाऊक होता. पेवात ओल गेली, दाणा आंबला, की आत वारं मरतं. अथणीकडं पेव उघडलं की दिवसभर तोंड मोकळं सोडतात, मग दोरीनं कंदील आत सोडतात, कंदील विझला तर कुणी उतरत न्हाय. त्यांच्या आजोबांच्या वाड्याशेजारी एकजण कंदील न सोडता उतरलेला. त्याला दोरीनं वर काढला.

"वृद्धांनी आधी," साहेब म्हणाले.

"मी हाय की," मनुबाई म्हणाल्या, काठी सुनेच्या हातात दिली, भावकूनं लावलेल्या शिडीला हात घातला, आणि त्यांचा एक पाय आत गेला.

बघा हं आता. अण्णा गप बसले असते तर? कुणाला कळलं असतं? म्हातारी उतरली, चक्कर आली, आसऱ्यात गर्दीनं जीव घाबरला, असंच लोक म्हणाले असते. बोलले तर नोकरी गेली, ज्वारी गेली, गल्लीत तोंड दाखवायची जागा गेली. आणि दारात कल्याणीवैनींच्या पदराला धरून लतिका उभी. तिचं ताट गेलं. एका बाजूला हे सगळं, आणि एका बाजूला मनुबाईंचा तो सुकलेला, जोडवं घातलेला पाय, दुसऱ्या पायरीवर.

"मनुबाई, पाय काढा."

"का रं? जागा माझी ठरलीया."

"पाय काढा वर. आत हवा न्हाय."

साहेबांनी घड्याळावरनं मान वर केली. "आसऱ्यात हवा नाही?"

"साहेब, हा आसरा न्हवं," अण्णा म्हणाले. इतकी वर्षं कचेरीत घासूनपुसून घेतलेली भाषा कुठं गेली कुणास ठाऊक, सगळं अथणीकडचं तोंडात आलं. "हे पेव हाय. आत माझी ज्वारी हाय. लपवून ठेवल्याली. पोरीसाठी म्हणून. कुणी उतरू नका, माणूस मरतंय."

कुणीतरी हसलं. वाटलं अण्णा साहेबांना बघून बावचळले. मग अण्णांनीच कंदील घेतला, दोरी बांधली, आत सोडला. हातभर गेला न्हाय तोच ज्योत बारीक झाली आणि गेली. कुणी फुंकली न्हवती.

मनुबाईंनी पाय वर घेतला आणि त्याच्याकडं असं बघितलं, जसा काय तो दुसऱ्या कुणाचा हाय. मग खाली बसल्या. "म्हंजे मी ज्वारीत मरणार होते व्हय रं," त्या एवढंच म्हणाल्या.

श्रीपादरावांची शिट्टी तोंडातनं गळून दोरीला लोंबत होती. "आणि वाळू?"

"तीबी."

"आणि मी काढलेलं ते..."

"ज्वारीचंच होतं, मास्तर. बरोबर आलं होतं."

साहेबांनी अण्णांना जवळ बोलावलं. "तुम्ही कुठल्या खात्यात?"

"पुरवठा."

"त्या नोटिसा?"

"अक्षर माझंच हाय साहेब."

साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. विझलेल्या कंदिलाकडं बघितलं, मनुबाईंकडं बघितलं. मग म्हणाले, "उद्यापासून त्या टेबलावर बसू नका. खानापूरच्या कचेरीत जुनी दप्तरं कुजतायत, ती लावायला जा. ही ज्वारी गल्लीत वाटली जाईल, सरकारी दुकानाच्या दरानं, माणशी सारखं माप. आज ही बाई उतरली असती, तर मी तुमच्याशी एवढं बोलत उभा राहिलो नसतो."

दुसऱ्या दिवशी कंदील जळत राहिला तेव्हा भावकू उतरला. ज्वारी टोपलीनं वर यायला लागली. वरची चांगली होती, पिवळसर, नुसता वास तेवढा. जसजसं खाली जाल तसतशी काळी, ओली, मोड आलेली. कल्याणीवैनींनी एक मूठ उचलून उजेडात धरली. अण्णा वाट बघत होते. आता आजोबा निघणार, आता गुंजीची कणगी निघणार. वैनींनी नुसती मूठ सोडून हात झटकले. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अण्णांना वाटलं.

माप कुणाच्या हातात द्यायचं, यावर वाद झाला. दुकानाकडनं आलेला माणूस नवा, त्याच्यावर कुणाचा विश्वास न्हाय. "कल्याणीच्या हातात द्या," मनुबाई म्हणाल्या. "खड्डा तिनं न्हाय खणला." मग वैनी ओटीवर बसल्या, पदर खोचून. रांग अण्णांच्या दारातनं सुरू झाली, गल्लीच्या खांबापर्यंत गेली. एकेक जण यायचा, घरात माणसं किती ते सांगायचा, ज्वारी घ्यायचा, आणि जाता जाता आत जाऊन आपापली बरणी, आपापले सांडगे, आपापलं पीठ उचलून न्यायचा. दुपारपर्यंत स्वैपाकघर लख्ख रिकामं झालं.

अण्णा रांगेच्या शेवटी, हातात पिशवी. त्यांनाही माणशी माप लागू होतं, कायद्यानं. श्रीपादराव रांग सरळ करत फिरत होते, टोपी घातलेली न्हवती. जवळ आले, इकडंतिकडं बघून म्हणाले, "पुढं या उपेंद्रराव. घर तुमचं आहे."

"नको मास्तर," अण्णा म्हणाले. "इथं बरा हाय."

शेवटी त्यांची पाळी आली तेव्हा वरची ज्वारी संपून गेलती. टोपलीत तळातली, काळपट. दुकानाच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

अण्णांनी तोंड उघडलं, आवाज आला न्हाय. सगळी गल्ली अजून तिथंच घुटमळत होती, आपापल्या पिशव्या घेऊन. अण्णांनी पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली. तालमीच्या नोटिशीत स्वतःच्या हातानं वळणदार लिहिलेलं ते नाव काही केल्या बाहेर येईना.

दुकानाचा माणूस कंटाळला. वैनींकडं वळला. "बाई, हे कोण? तुम्ही ओळखता ह्यांना?"

"ओळखते," वैनी म्हणाल्या.

"मग नाव सांगा की. मला अजून दुसरी गल्ली हाय."

आता पंचाईत. लग्नाला इतकी वर्षं झाली, वैनींनी नवऱ्याचं नाव सणासमारंभाशिवाय उच्चारलेलं न्हवतं. त्या हातातलं माप पदरानं पुसायला लागल्या. बायकांत चुळबूळ झाली. आणि मनुबाई, लोणच्याची बरणी काखेत, पिशवी सुनेच्या डोक्यावर, दारातनं परत फिरून आल्या.

"अशी नुसती कशी सांगंल ती?" त्या दुकानाच्या माणसाला म्हणाल्या. "तू गप रं बाबा. कल्याणी, घे गं नाव. आमी हाय ऐकायला."

वैनींनी खाली बघितलं. वर बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द मोजून, म्हणाल्या,

"खासबागेत लागली रांग, माप माझ्या हातात,
उपेंद्ररावांचं नाव घेते, धरा पिशवी पुढ्यात."

हसलं कुणी न्हाय. मनुबाईंनी मान हलवली, बरोबर झालं अशी. दुकानाच्या माणसानं नाव लिहून घेतलं.

उपेंद्रअण्णांनी दोन्ही हातांनी पिशवी धरली. वैनींनी माप भरलं, वरनं हात फिरवून सपाट केलं, जसं सगळ्यांचं केलतं तसंच, आणि ओतलं. मग लतिकेला हाक मारून सूप आणायला सांगितलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा इथं. काळी काळी वेगळी काढूया. दिवस मावळायच्या आत पोरीची भाकरी झाली पाहिजे."